छप्पर उचललं की घर

उचलत्या छपराची कॅम्पर एका साध्या अडचणीतून जन्मली. माणसाला ताठ उभं राहायला दोनेक मीटर उंची लागते. पण तेवढी पोकळी डोक्यावर घेऊन धावणारी गाडी वाऱ्याला आडवी येते, वळणावर झुकते, जास्त पेट्रोल पिते आणि इमारतीखालच्या पार्किंगच्या तोंडाशीच अडते. गाडीला बुटकं राहायचं असतं, घराला उंच व्हायचं असतं. तोडगा निघाला तो असा : चालताना छप्पर खाली, थांबल्यावर वर. पत्र्याच्या टपाचा मोठा तुकडा कापून काढायचा, त्या जागी फायबरचं झाकण बसवायचं आणि झाकण नि पत्रा यांच्यामध्ये कापडाची भिंत लावायची. यंत्र म्हणावं तर एवढंच. जुनी कॅम्पर पुन्हा उभी करताना जे जे पेच पडतात, त्यांतले बरेचसे या एका तोडग्याच्या पोटातून आलेले असतात.

या जातीतली सर्वांत ओळखीची गाडी म्हणजे फोक्सवॅगनची, मागे इंजिन असलेली व्हॅन. डच आयातदार बेन पॉन यांनी वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात माल वाहणारा एक ओबडधोबड मोटरगाडा पाहिला आणि २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत पेन्सिलीने एका पेटीसारख्या गाडीचं चित्र काढलं. मार्च १९५० मध्ये ती गाडी तयार होऊ लागली. दुसऱ्याच वर्षी वीडेनब्र्युक गावच्या वेस्टफालिया या कंपनीने तिच्यासाठी 'कॅम्पिंग बॉक्स' बाजारात आणला. ही आत ठेवायची आणि हवी तेव्हा काढायची लाकडी सामानाची जोडणी होती. वेस्टफालियाचा मूळ धंदा बग्ग्यांचा. कंपनीची स्थापना १८४४ ची. बग्गी, मग ट्रेलर, मग चाकांवरचं घर, ही चाल लक्षात घेतली की त्यांच्या फर्निचरमधला सुतारी नेमकेपणा कुठून आला ते कळतं. छप्पर उचलण्याच्या तऱ्हाही अनेक झाल्या. इंग्लंडमध्ये फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीच्या 'डॉर्मोबिल'चं छप्पर एका कुशीला बिजागरी घेऊन पेटीच्या झाकणासारखं आडवं उघडायचं आणि मधलं कापड पट्ट्यापट्ट्यांचं असायचं. काहींनी चारही कोपरे सरळ वर नेणारं छप्पर केलं.

इथे उदाहरणाला घेतलेली गाडी आहे ती याच व्हॅनची तिसरी पिढी, म्हणजे टी-३, अमेरिकेत जिला व्हॅनागन म्हणतात. या पिढीच्या वेस्टफालिया कॅम्परमध्ये बिजागरी मागे असते आणि छप्पर पुढून वर येतं. वर दोघं झोपतात, खाली दोघं. ड्रायव्हरच्या पाठीमागे डाव्या कुशीला दोन बर्नरची शेगडी, बेसिन आणि फ्रीज असा ओटा असतो. लांबी जेमतेम साडेचार मीटर. मुंबईतल्या खोलीत संसार मांडलेल्या माणसाला ही रचना कुणी समजावून सांगावी लागत नाही : दिवसा जी बैठक, तीच रात्री गादी.

भारताशी या गाड्यांचं नातं रस्त्याचं आहे. साठच्या दशकाच्या शेवटापासून युरोपातली तरुण मंडळी जुन्या व्हॅन घेऊन इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत दिल्लीला आणि तिथून गोव्याला उतरत. हणजूण आणि वागातोरच्या माडांखाली या गाड्या उभ्या असत. जर्मनीत फुटपाथकडे उघडणारं त्यांचं सरकतं दार भारतात वाहत्या रहदारीकडे उघडे, ही गैरसोय त्यांनी हजारो किलोमीटर सोसली. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि ती वाट बंद झाली. टी-३ बाजारात आली तीही १९७९ मध्येच. म्हणजे ज्या प्रवासासाठी ही गाडी सर्वांत योग्य ठरली असती, तोच प्रवास तिच्या जन्माच्या वर्षी संपला. एक दूरचा धागा आणखी आहे. मराठी माणसाला व्हॅन म्हटली की 'मॅटाडोर' आठवते. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने ज्या जर्मन टेम्पो घराण्याकडून हे नाव घेतलं, त्या घराण्याच्या १९४९ च्या पहिल्या मॅटाडोरमध्ये फोक्सवॅगनचंच इंजिन होतं.

चाळीस वर्षांची अशी कॅम्पर हाती येते तेव्हा ती बहुधा वरून चकाकत असते. विकणाऱ्याने रंग मारलेला असतो, गाद्यांना नवं कापड घातलेलं असतं, एक सोलर पॅनेलही चिकटवलेलं असतं. या तिन्ही गोष्टी घेणाऱ्याने नसल्याच समजाव्यात. पहिलं काम म्हणजे गाडी रिकामी करणं. गाद्या, फळ्या, ओटा, छताचं अस्तर, जमिनीवरची शीट, सगळं बाहेर. हे काम कंटाळवाणं असतं आणि त्यात नट गंजून बसलेले असतात, म्हणून बरेच जण ते टाळतात आणि पुढे दुप्पट पैसे मोजतात. ओट्यामागची पत्र्याची भिंत पाहायची तर ओटा हलवण्यावाचून इलाज नाही. पाणी भरायचं तोंड, बाहेरून नळी जोडायचं तोंड, फ्रीजचा धूर बाहेर सोडणारी खिडकी, ही सगळी भोकं त्याच भिंतीत असतात. भोक तिथे ओल, आणि ओल तिथे गंज.

काढलेली प्रत्येक वस्तू काढण्याआधी फोटोत धरून ठेवावी आणि स्क्रू जागेनिशी डब्यांत भरावेत. वर्षभराने परत जोडायला बसल्यावर कोणता स्क्रू कुठला, हे कुणालाही आठवत नाही.

टी-३ चा गंज तिच्या सांध्यांतून बोलतो. या गाडीचे पत्रे एकमेकांना जिथे भेटतात तिथे बाहेरच्या अंगाला लांबच लांब खाचा आहेत आणि कारखान्यात त्या लवचीक सीलंटने भरलेल्या असतात. वर्षं जातात तसं हे सीलंट कडक होतं, त्याला केसाएवढी चीर जाते आणि पावसाचं पाणी आत शिरतं. आत शिरलेलं पाणी तिथेच बसतं. मग एके दिवशी रंगाखाली मुरमासारखा फुगवटा दिसतो. तोपर्यंत आतलं काम झालेलं असतं. यावर लांबी भरून रंग मारणं ही फसवणूक आहे, आणि ती गाडीची नव्हे, मालकाची. खाच पूर्ण खरवडायची, उघडा चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासायची, जिथे पत्रा उरलाच नाही तिथे तो कापून नवा वेल्ड करायचा, मग इपॉक्सी प्राइमर, मग नवं सीलंट, मग रंग. शेवटी खालच्या पोकळ भागांत नळीने मेण सोडायचं आणि तळाची पाणी निघून जायची भोकं उघडी आहेत का ते पाहायचं. ही भोकं बुजलेली सापडतात ती बहुतेक वेळा आधीच्या मालकाने हौसेने मारलेल्या डांबरी कोटामुळे.

काचांचंही तेच. काचेभोवतीच्या रबराची बीडिंग वाळली की तिच्याखाली पाणी जातं, आणि काच काढल्याशिवाय तिथला पत्रा दिसत नाही. नवी बीडिंग घातलेली काच परत बसवायची युक्ती जुनी आणि सुंदर आहे. बीडिंगच्या आतल्या ओठात सुतळी फिरवून तिची दोन्ही टोकं गाडीच्या आत सोडायची, एकाने बाहेरून तळहातांनी काच दाबून धरायची आणि दुसऱ्याने आतून सुतळी सावकाश ओढत जायची. सुतळी निघते तसतसा रबराचा ओठ पत्र्यावर उलटून बसतो. जुन्या व्हॅनच्या कामातला हा बहुधा एकमेव प्रसंग, जिथे घाम न गाळता समाधान मिळतं.

आता छप्पर. कापलेल्या टपाच्या कडेने कारखान्याने मजबुतीची चौकट घातलेली असते, कारण या गाडीला वेगळी चेसिस नसते; पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. ज्या गाडीचं छप्पर मुळात उचलतं नव्हतं आणि नंतर कुणीतरी कापून बसवलं, तिथे ही चौकट आहे की नाही हे सगळ्यांत आधी पाहावं. ती नसेल तर गाडी खड्ड्यात पिळते, दारं जुळत नाहीत आणि अपघातात काय होईल याचा विचारही नको वाटतो. फायबरचं झाकण स्वतः गंजत नाही, पण उन्हाने त्याच्या वरचा थर पांढरट पिठासारखा होतो आणि भोकांभोवती भेगा पडतात. थर घासून नवा रंग देता येतो. भेगांना मात्र आतून काचेचं कापड आणि राळ लावावी लागते. बाहेरून सिलिकॉन फासलं की पाणी थांबल्यासारखं दिसतं आणि आतल्या आत वाट शोधतं. बिजागऱ्यांचे स्क्रू, उचलायच्या दांड्याच्या बुश आणि झाकण टेकतं ती रबराची कड, या तीन गोष्टी बदलायला फार खर्च येत नाही, आणि नेमक्या त्याच राहून जातात.

कापड हा या गाडीचा सर्वांत हळवा भाग. दुमडलेल्या अवस्थेत ते वर्षानुवर्षं एकाच रेषेवर मोडत राहतं, म्हणून आधी घडीवर विरतं. बुरशीचे काळे ठिपके बाहेरच्या पावसापेक्षा आतल्या श्वासाने जास्त येतात. बंद जागेत दोन माणसं रात्रभर झोपली की त्यांच्या श्वासाची वाफ थंड कापडावर आणि फायबरवर पाणी होऊन बसते, आणि सकाळी घाईत छप्पर खाली केलं की ती ओल घडीत कोंडली जाते. नवं कापड निवडताना इथे पहिला खरा पेच येतो. मूळच्यासारखं सुती कापड श्वास घेतं, भिजलं की धागे फुगून आपोआप घट्ट होतं, आणि दिसतंही तसंच. पण ते कुजतं. रंग धाग्यातच भरलेलं ॲक्रिलिक कापड उन्हाला जास्त टिकतं. प्लास्टिकचा लेप दिलेलं कापड पाणी मुळीच आत येऊ देत नाही आणि म्हणून वाफही बाहेर जाऊ देत नाही. कोकणातल्या पावसात फिरायचं असेल तर लेपाचं कापड घ्यावंसं वाटतं, पण तिथेच ते सगळ्यांत जास्त ठिबकतं, फक्त आतल्या बाजूने. बऱ्यापैकी उत्तर म्हणजे ॲक्रिलिक कापड आणि जाळीच्या मोठ्या खिडक्या, ज्या पावसातही थोड्या उघड्या ठेवता येतात. कापड बसवताना छप्पर पूर्ण वर करून ताण पाहावा आणि मगच पट्ट्यांचे स्क्रू कसावेत. आधी कसलं की एका कोपऱ्यात झोळ राहतो आणि पाणी बरोबर त्याच झोळात येऊन बसतं.

इंजिनाकडे वळण्याआधी त्याच्याकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या नळ्या पाहाव्यात. जुन्या जर्मन गाड्यांत या रबरी नळ्यांवर विणलेलं सुताचं आवरण असतं. आवरण शाबूत दिसतं आणि आतलं रबर तडकलेलं असतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला आणखी लवकर खातं, आणि भारतात आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचंच. इंजिन मागच्या बंद खणात असल्यामुळे गळती ड्रायव्हरला दिसत नाही. दिसतो तो आरशातला धूर. या जातीच्या कित्येक गाड्या अशा जळाल्या आहेत. म्हणून सर्व नळ्या, क्लिपा आणि टाकीवरचे जोड एकाच वेळी बदलावेत, इथेनॉल सोसणारे घ्यावेत आणि बदलल्याची तारीख लिहून ठेवावी. दोनशे-चारशे रुपयांच्या रबरासाठी अख्खं घर पणाला लावणं शहाणपणाचं नाही.

टी-३ मध्ये आधी हवेने थंड होणारं इंजिन होतं. १९८३ च्या मॉडेलपासून पाण्याने थंड होणारं आलं, आडव्या सिलिंडरांचंच. त्याचं दुखणं प्रसिद्ध आहे. सिलिंडर हेड आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी अडवणारं एक रबरी गॅस्केट असतं. चुकीचं किंवा जुनं कूलंट वापरलं की तिथे ॲल्युमिनियमला खळगे पडतात आणि पाणी बाहेर झिरपायला लागतं. हेड काढून गॅस्केट बदलणं हे काम होण्यासारखं आहे, पण खळगे पडलेलं हेड तसंच परत बसवलं तर वर्षाच्या आत तेच काम पुन्हा निघतं. त्यातही रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, मध्ये गाडीच्या पोटाखालून गेलेले लांब पाइप. कूलंट बदलल्यावर यात हवा अडकते. ती काढायला गाडीचं तोंड जॅकवर उचलून रेडिएटरच्या माथ्यावरचा स्क्रू उघडावा लागतो. हे ठाऊक नसलेला मेकॅनिक थर्मोस्टॅट, पंप, रेडिएटर असं एकेक बदलत बसतो आणि काटा तापलेलाच राहतो.

अमेरिकेत अनेकांनी हे इंजिन काढून सुबारूचं बसवलं आहे. तेही आडव्या सिलिंडरांचं असल्यामुळे खणात बसतं, मात्र त्याचं तेलाचं भांडं खोल असतं आणि ते आखूड करून घ्यावं लागतं. शुद्धतावादी यावर नाकं मुरडतात. पण ही गाडी देवघरातली मूर्ती नव्हे. घाटात ट्रकच्या मागे पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढायचं की नाही, हा निर्णय मालकाचा. अट एकच, ताकद वाढवली तर थांबण्याचीही वाढवावी. ब्रेकच्या रबरी नळ्या, मागचे ड्रम, दर दोन वर्षांनी बदलायचं ब्रेक ऑइल आणि भार सोसणारे मजबूत बाजूंचे टायर यांच्याआधी इंजिनावर पैसे घालणं उफराटं आहे. टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. कमी चाललेल्या कॅम्परचे टायर नक्षीने नवे आणि वयाने म्हातारे असतात, म्हणून हा शिक्का वाचावा.

विजेच्या कामात जर्मन गाडीची भाषा आधी शिकावी लागते. तिच्यात तपकिरी वायर म्हणजे अर्थ, लाल म्हणजे कायम जिवंत, काळी म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत. काळी ती अर्थ, असं गृहीत धरणाऱ्याचा पहिला फ्यूज पाचच मिनिटांत जातो. मूळचं वायरिंग वाईट नसतं. वाईट असतात चाळीस वर्षांत त्याला दिलेले टाके. कुणी रेडिओसाठी, कुणी पंख्यासाठी, कुणी मोबाइलसाठी मध्येच वायर सोलून दुसरी पिळलेली असते. हे सगळं उपटून काढावं आणि घराची वीज गाडीच्या विजेपासून वेगळी करावी : गाडी सुरू करायला एक बॅटरी, राहायला दुसरी, आणि दोघींच्या मध्ये चार्जर असा की घर रात्रभर जागलं तरी सकाळी गाडी सुरू व्हावी.

राहण्याची बॅटरी हा नव्या काळाने या गाडीला दिलेला सर्वांत मोठा आहेर. शंभर ॲम्पियर-तासांची शिशाची बॅटरी पंचवीस किलोंच्या पुढे भरते, आणि तिच्यातली निम्मीच वीज वापरावी, नाहीतर ती लवकर मरते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वजनाला साधारण निम्मी आणि वापरायला जवळजवळ पूर्ण. तिचं एक पथ्य आहे : शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये. साताऱ्याच्या माणसाला याची फिकीर नाही, लेह-स्पितीला निघालेल्याने करावी. हिशेब सोपा आहे. छोटा कॉम्प्रेसर फ्रीज चालताना चाळीसेक वॅट घेतो आणि निम्मा वेळ बंद असतो. म्हणजे दिवसाला पाचशे वॅट-तासांच्या आत-बाहेर. अशी एक बॅटरी त्याला दोन दिवस पोसते, आणि शंभर वॅटचं पॅनेल लख्ख उन्हात रोजचा बराचसा भाग भरून देतं. इन्व्हर्टर लावून इंडक्शन शेगडी चालवायची हौस आली की मात्र हा हिशेब कोलमडतो.

मूळचा फ्रीज तीन प्रकारे चालायचा : गॅसवर, गाडीच्या बॅटरीवर, घरच्या विजेवर. त्यात फिरणारा एकही भाग नाही. उष्णता देऊन अमोनिया फिरवायची ही युक्ती बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये काढली. निःशब्द आणि देखणं यंत्र. पण गाडी थोडी कलती उभी असली की ते रुसतं, आणि चाळिशीच्या उन्हात दमतं. ते जपून ठेवण्याचा मोह समजू शकतो. भारतात वापरायचं असेल तर मात्र कॉम्प्रेसरचा फ्रीज घ्यावा. गॅसच्या बाबतीत तर भावनेला जागाच नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या खणाला तळातून बाहेर उघडणारं भोक हवंच. जर्मनीत कॅम्परच्या गॅस जोडणीची तपासणी दर दोन वर्षांनी करतात. ती सक्ती नसलेल्या देशातही करावी, आणि झोपायच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा.

हे सगळं जमत आलं की घराला पुन्हा पाय फुटतात. आणखी एक कपाट, मोठी टाकी, बाहेरचं छत, वर दुसरं पॅनेल. पन्नास लिटर पाणी म्हणजे पन्नास किलो. छपरावर ठोकलेलं कडक पॅनेल सात-आठ किलोंचं, आणि ते रोज संध्याकाळी हातांनी उचलायचं असतं; उचलायला गॅसचे दांडे लावले की बंद करताना त्यांच्याशी झुंजावं लागतं. जुने वेस्टफालियाचे सुतार फळ्या पातळ ठेवत ते कंजूषपणाने नव्हे. म्हणून गाडी रिकामी असताना एकदा आणि भरल्यावर एकदा काट्यावर नेऊन वजन करावं. दुसरा आकडा पाहिल्यावर अर्धी कपाटं आपोआप नकोशी होतात.

मूळ किती राखायचं आणि नवं किती आणायचं, याला जर्मनीने कायद्यात उत्तर दिलं आहे. तीस वर्षं झालेल्या, चांगल्या आणि मुळाबरहुकूम स्थितीतल्या गाडीला तिथे नंबरपाटीवर 'एच' हे अक्षर मिळतं आणि करात सवलतही. त्या काळी होत असलेले बदल चालतात, आजचे भलते चालत नाहीत. दुसऱ्या टोकाला खुद्द फोक्सवॅगनने २०२० मध्ये १९६६ च्या एका व्हॅनमध्ये ८३ अश्वशक्तीची विद्युत मोटर आणि ४५ किलोवॅट-तासांची बॅटरी बसवून दाखवली. या दोन टोकांमध्ये एक व्यवहारी नियम बऱ्याच कारागिरांनी आपणहून पाळलेला दिसतो : जे नवं बसवायचं ते जुन्याच भोकांत बसवावं, नवीन भोक पाडू नये, आणि काढलेलं जुनं सामान माळ्यावर जपून ठेवावं. पुढच्या मालकाला परत फिरता आलं पाहिजे.

काम संपल्यावर पहिली रात्र घराच्या अंगणातच काढावी, तीही पावसाची. टॉर्च घेऊन कोपरे पाहावेत आणि ठिबकेल तिथे खडूने खूण करावी. सकाळी कापड ओलं असताना छप्पर बंद करायची वेळ आलीच, तर त्याच संध्याकाळी ते पुन्हा उघडून पूर्ण वाळू द्यावं.